पावसाळ्यापूर्वीं घराच्या छपराची तयारी

पाडवा झाला कीं आपल्याकडील शेतकऱ्याचें लक्ष नांगरट, शेणखत आणि बियाणें यांकडे लागतें. उसाचा शेवटचा फड तुटून गाड्या रिकाम्या होतात, खोडव्याची मशागत सुरू होते, आणि ज्या छपराखालीं वर्षाचें धान्य व पोरेंबाळें राहावयाचीं त्या छपराची आठवण मात्र पहिला वळीव डोक्यावर गडगडूं लागल्यावर होते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां वादळानें उडालेल्या व पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिण्याचें व तपासण्याचें काम मजकडे दर मे महिन्यांत येत असे. तें करतां करतां कोणतीं घरें उघडीं पडतात व कोणतीं टिकतात याचा थोडाफार अंदाज मला आला. मी अभियंता नव्हे. तरी जें डोळ्यांनीं पाहिलें, सुतारांस व गवंड्यांस विचारलें आणि एकदां स्वतःच्या घरावर भोगलें, तें वाचक बंधूंपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

समुद्रावरील चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर थेट येत नाहीं, मध्यें सह्याद्रि उभा आहे, हें खरें. अरबी समुद्रांतील वादळांचे दोन हंगाम असतात : एक मोसमी पावसाच्या आधीं मे-जूनमध्यें, दुसरा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांत व खालीं मंडणगड-दापोलीकडे घरेंच्या घरें उघडीं पडलीं. पुढील वर्षीं, १६ मे २०२१ च्या सुमारास, 'तौक्ते' वादळ सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून वर सरकलें आणि १७ तारखेच्या रात्रीं गुजराथेंत शिरलें. असें वादळ कोंकणपट्टीजवळून जातें तेव्हां घाटमाथ्यावरील गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या बाजूस वारा व पाऊस दोन्ही वाढतात.

परंतु आपला खरा शत्रू वळीव होय. चक्रीवादळाची वर्दी हवामान खातें दोन-तीन दिवस आधीं देतें; वळवाची वर्दी फार तर कांहीं तास आधीं मिळते, आणि तीही तुमच्याच गांवापुरती नेमकी नसते. दुपारीं काहिली व्हावी, तिसऱ्या प्रहरीं काळेभोर ढग उठावेत, आणि अर्ध्या तासांत सर्व खेळ आटोपावा, ही त्याची रीत आहे. मोसमी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येणार हें ठरलेलें असतें, म्हणून जुन्या लोकांनीं घराची पश्चिमेची बाजू बुटकी व बंद ठेविली. वळवास दिशेचा नेम नाहीं. तो ढगाच्या पोटांतून खालीं आदळतो व तेथून चोहोंकडे पसरतो. पश्चिमेच्या पावसास चाळीस वर्षें टिकलेलें घर पूर्वेच्या एका झोतानें उघडें पडलेलें मीं पाहिलें आहे.

छप्पर वाऱ्यानें "ढकललें" जातें अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तें वर ओढलें जातें. वारा पाख्यावरून वेगानें चढून आढ्यापलीकडे उतरतो तेव्हां वरची हवा पातळ होते व खालची हवा छपरास आंतून वर रेटते. त्यांत वाऱ्याच्या तोंडाचें दार किंवा खिडकी उघडी राहिली तर घरांत हवा कोंडून रेटा आणखी वाढतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून रेटा, अशी दुहेरी आपत्ति. आतां याचा हिशेब पाहूं. वाऱ्याचा वेग सेकंदास जितके मीटर असेल त्याचा वर्ग करून त्यास ०·६ नें गुणिलें असतां दर चौरस मीटरवरील दाब न्यूटन या मापांत निघतो. ताशीं ५० किलोमीटर वाऱ्यास तो सुमारें १२ किलो वजनाइतका येतो. ताशीं १०० किलोमीटरला २४ नव्हे, तर ४७ किलो येतो. वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो, ही गोष्ट ध्यानांत धरावी. दहा फूट लांब व साडेतीन फूट रुंद असा लोखंडी पत्रा घेतला तर त्याचें स्वतःचें वजन पंधरा-सोळा किलो. आणि शंभराच्या वेगास त्यावरील जोर दीडशें किलोंहून अधिक. पाख्याच्या मध्यभागीं ओढ याहून कमी असते, पण वळचण, आढें आणि बाजूच्या कडा येथें ती दीडपट-दुप्पटही होते. म्हणूनच छप्पर प्रथम कडेपासून उचकटतें. भारतीय मानक संस्थेच्या वाऱ्यासंबंधीच्या मानकांत इमारतीचा आराखडा करतांना पुण्यास सेकंदास ३९ मीटर व मुंबईस ४४ मीटर वेग धरावा असें आहे. म्हणजे ताशीं अनुक्रमें १४० व १५८ किलोमीटर. आपल्याकडील किती छपरें इतका हिशेब धरून घातलेलीं असतील याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

माझेंच उदाहरण सांगतों. सेवानिवृत्तीची रक्कम हातीं आली त्या सालीं आजोबांच्या वेळचीं नळीचीं कौलें उतरून पत्रे घालावे असें घरांत ठरलें. दरवर्षीं शाकारणी करावयाची, माकडांनीं कौलें फोडावयाचीं, आणि शाकारणीस माणूस मिळत नाहीं, या त्रासास सर्वच कंटाळले होते. सुतारानें वासे ठोकून पाहिले व चार वासे आंतून पोकळ असल्याचें सांगितलें. मीं म्हटलें, पुढल्या वर्षीं पाहूं. बोल्टांचा खर्च वांचावा म्हणून पत्रे लांब खिळ्यांनीं ठोकविले; आणि देखणें दिसावें म्हणून घराचें पाखें व पुढील पडवी यांवर एकच सलग पत्रा ओढविला. या तीन चुकांपैकीं एकही मी दुसऱ्याच्या घरीं होऊं दिली नसती.

एप्रिलमधील एका संध्याकाळीं वळीव उठला. अंगणांत सांडगे-पापड वाळत होते; ते उचलण्यास कुटुंब धांवत बाहेर गेलें आणि पुढचें दार सताड उघडें राहिलें. पडवीचे पत्रे पहिल्याच झोतास उचकटले, आणि सलग असल्यामुळें घरावरचेही घेऊन गेले. एकंदर चव्वेचाळीस पत्र्यांपैकीं सहा गेले. घरांतील भाताचीं नऊ पोतीं भिजलीं. तें सोसलें असतें. पण एक पत्रा शेजाऱ्यांच्या गोठ्यावर जाऊन पडला व त्यांच्या गाभण म्हशीचा मागचा पाय गुडघ्याखालीं कापला गेला. औषधपाण्याचा खर्च मीं दिला, म्हैस वांचली, परंतु त्या वेतास ती दुधास लागली नाहीं. शेजारी भले गृहस्थ. त्यांनीं शब्दानें दुखविलें नाहीं, हेंच अधिक लागलें.

पंचनाम्यास आलेले तलाठी माझ्याच हाताखालीं लिहावयास शिकलेले होते. त्यांनीं पत्रे मोजले, कागदावर भागाकार केला आणि खालच्या आवाजांत म्हणाले, "अण्णा, सगळें छप्पर म्हणजेच घर असें धरलें तरी साडेतेरा टक्क्यांच्या आसपास येतें. पंधरा भरत नाहींत. तुम्हींच शिकविलेंत." त्यांनीं खरें तेंच लिहिलें व मीं सही केली.

असो. आतां तयारीचें पाहूं. काम चैत्रांत, निदान अक्षय्य तृतीयेपूर्वीं काढावें. रोहिणी निघून मृग लागण्याची, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेची, वाट पाहणाऱ्यास वळीव मध्येंच गांठतो. शिवाय मे अखेरीस सुतार, पत्रेवाला व कौलें चढविणारा यांपैकीं एकही मिळत नाहीं.

प्रथम लांकूड पाहावें. प्रत्येक वासा भिंतीवर जेथें टेकतो तेथें व आढ्याशीं जेथें मिळतो तेथें जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनें किंवा विळ्याच्या टोंकानें टोंचून पाहावा. टोंक पाव इंचाहून सहज आंत गेलें तर तो वासा गेला असें समजावें; वरून रंग चांगला दिसतो यावर जाऊं नये. वाळवी बहुधा भिंतींतूनच चढते, म्हणून वाशाचें टोंक मातीच्या भिंतींत पुरलेलें असेल तर तेथेंच आधीं नजर द्यावी. ऐन, किंजळ, जांभूळ यांचे जुने वासे पुष्कळ वेळां मधून धड व टोंकास कुजलेले सांपडतात. अशा वेळीं सर्व वासा न काढतां शेजारीं दुसरा जोडून दोन्ही बोल्टानें आवळले तरी चालतें. बांबू वापरावयाचा असल्यास तो पावसाळ्यानंतर थंडींत तोडलेला व पाण्यांत दोन-तीन आठवडे मुरविलेला असावा. ताज्या बांबूस भुंगा दोन वर्षांत पोखरतो.

लांकूड धड असलें तरी तें भिंतीस बांधलेलें आहे काय, हा पुढचा व माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्या जुन्या घरांत वासे नुसते भिंतीवर टेकलेले असतात. छपराच्या वजनानें तीं जागीं राहावीं असा भरंवसा. जड नळीच्या कौलांचें दुहेरी छप्पर होतें तोंपर्यंत तो भरंवसा चालून गेला. कौलें उतरून हलका पत्रा घातला कीं वजन गेलें, पण बांधणी मात्र तीच राहिली, आणि आपल्याकडे पत्र्याचीं छपरें उडतात त्याचें मूळ येथें आहे. उपाय फार खर्चाचा नाहीं. इंचभर रुंदीची लोखंडी पट्टी प्रत्येक वाशावरून वळवून भिंतीच्या दोन्ही अंगांस खालीं आणावी व भिंतींतून आरपार बोल्ट घालून आवळावी. मातीची भिंत असल्यास पट्टी निदान तीन फूट खालीं आणावी, कारण वरचे दोन थर तिच्याबरोबर उचलले जाऊं शकतात. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा असेल किंवा नवा घालावयाचा असेल, तर त्यांत दीड फूट खोल बोल्ट सोडून ठेवावे व वासे त्यांस जखडावे. पट्टी परवडत नसेल त्यानें जस्ताच्या जाड तारेचे दोन पदर पिळून बांधावे. काथ्याची दोरी दोन उन्हाळ्यांत जाते.

मंगळुरी कौलांविषयीं थोडें. बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ च्या सुमारास मंगळूर येथें हीं कौलें काढण्याचा कारखाना घातला आणि तेथून तीं साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटावर पसरलीं. एका चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलें लागतात व त्यांचें वजन चाळीस किलोंच्या आसपास भरतें. शिवाय सांध्यांतून हवा जात असल्यामुळें आंतला रेटा मोकळा होतो. म्हणून कौलारू छप्पर एकदम उडत नाहीं. तें कडेपासून एकेक कौलानें सुटत जातें. या कौलाच्या पोटास जो खुंटा असतो त्यास बारीक भोंक ठेवलेलें असतें, तें कशासाठीं हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांतून जस्ताची तार ओंवून कौल रिपेस बांधावयाचें असतें. सर्व कौलें बांधण्याची गरज नाहीं. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन ओळी व बाजूंच्या कडा एवढ्या अवश्य बांधाव्या. मध्यें दर तिसरें कौल बांधलें तरी पुरें. आढ्यावरील कोने सिमेंट-वाळूंत बसवावे आणि जुन्या सांध्यांस भेगा असतील त्या खरवडून पुन्हां भराव्या. नुसता वरून लेप दिला तर तो पहिल्या उन्हांत सुटतो. मात्र गळतें म्हणून साऱ्या पाख्याचे सांधे सिमेंटनें लिंपण्याची जी चाल निघाली आहे ती करूं नये. त्यानें हवा कोंडते आणि पुढें एक फुटकें कौल बदलावयाचें तर चार फोडावीं लागतात.

नळीच्या कौलांची शाकारणी जाणणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. ज्यांच्या गांवीं असतील त्यांनीं घरांतील एखाद्या मुलास त्यांच्याबरोबर वर बसवावें.

पत्र्यांस खिळे ठोकूं नयेत. खिळा सरळ ओढीस सुटतो, आणि भोंक मोठें होऊन पाणी वाशांत उतरतें. लोखंडी पाइपावर किंवा अँगलवर पत्रा असेल तर जे-बोल्ट अथवा रबरी वायसर असलेले स्क्रू वापरावे; ते पत्र्याच्या उंचवट्यावर घालावे, खांचेंत नव्हे, कारण पाणी खांचेंतून वाहतें. वळचण, आढें व दोन्ही कडा येथें दर एक उंचवटा सोडून दुसऱ्यावर बोल्ट असावा. मध्यें त्याच्या निम्म्यानें चालेल. वायसर दर उन्हाळ्यांत चिमटून पाहावे व कडक झालेले बदलावे. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षां जास्त काढूं नये. पावसाचा शिंतोडा अडतो म्हणून आपण ती तीन-तीन फूट काढतों, पण वाऱ्यास तें आयतें कोलीत मिळतें. आणि पडवीचा पत्रा घराच्या पत्र्यापासून वेगळा, भिंतीशीं तोडलेला असावा. पडवी गेली तर एकटी जावी.

पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल मीं प्रत्येक गांवीं पाहिली. याविषयीं मृदु शब्द वापरतां येत नाहींत. दहा किलोचा दगड जेथें दीडशें किलोंची ओढ आहे तेथें काय धरणार? पत्रा उचलला कीं तो दगड घसरून खालीं येतो, आणि खालीं माणसें आडोशास उभीं असतात. अशा दगडानें मेलेल्या एका मुलाच्या पंचनाम्याची प्रत मीं लिहिली आहे. त्या बापानें वर्षभर त्याच दगडावर चढून टीव्हीची छत्री नीट केली होती. दगड, जुने टायर, पाण्याच्या टाक्या, औताचे तुटके भाग, जें वर असेल तें वैशाखांत खालीं उतरावें. वजन ठेवावयाचेंच तर वाळूचीं पोतीं जोडीनें, एक या पाख्यावर व एक त्या पाख्यावर, आढ्यावरून दोरानें बांधून सोडावीं. परंतु बोल्टास तो पर्याय नव्हे.

गोठा व गुऱ्हाळघर यांकडे लक्ष कमी जातें. उसाच्या पाल्यानें शाकारलेलें छप्पर थंड राहतें व फुकट होतें. त्यावर जुनें मासे धरण्याचें जाळें किंवा सुतळीची चौकडी ताणून चारी बाजूंस मेखांस बांधली तर पाला जागीं राहतो. गोठा तीन बाजूंनीं बंद व एका बाजूनें उघडा असेल तर ती उघडी बाजू वाऱ्यास तोंड देऊन सांपळा होते. वरच्या बाजूस आढ्याजवळ हवा निघून जाण्यास जागा ठेवावी.

वर चढणाऱ्याच्या जिवाविषयीं. सिमेंटच्या पत्र्यावर कधींही सरळ पाय देऊं नये. तो वरून धड दिसतो व पायाखालीं कांचेसारखा फुटतो. दोन आधारांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चालावें. विजेची जोडतार पत्र्यास घांसत असेल तर महावितरणास अर्ज देऊन ती आधीं उंच करून घ्यावी, आणि काम चालूं असतां मेन बंद ठेवावा. ओल्या पत्र्यांत वीज उतरलेली डोळ्यांस दिसत नाहीं. घरावर आलेल्या आंबा, चिंच, शेवरी यांच्या फांद्या चैत्रांतच छाटाव्या. सौर पाणी तापविण्याचें यंत्र वर असेल तर त्याचे पाय छपराखालील लोखंडास जखडलेले आहेत कीं नुसते पत्र्यावर उभे आहेत, तें पाहावें.

नदीकांठच्या गांवांस आणखी एक सूचना. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं पाणी तिच्या कितीतरी वर गेलें. अशा वेळीं छप्पर हें आसऱ्याचें ठिकाण होतें. आंतून माळ्यावर व माळ्यावरून बाहेर जाण्यास एक पक्की वाट असावी, आणि शिडी परड्यांत न ठेवतां घरांत ठेवावी.

शेवटीं कागदांचें, कारण तें माझें क्षेत्र. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें घर कोणाच्या नांवें आहे व गोठ्याची नोंद आहे कीं नाहीं, हें उन्हाळ्यांत पाहून घ्यावें. मयत आजोबांच्या नांवावर घर आणि नोंद नसलेला गोठा यांमुळें मदत अडलेलीं प्रकरणें मजसमोरून पुष्कळ गेलीं. घराचे चारी बाजूंचे व आंतून छपराचे फोटो तारखेसह काढून ठेवावे. नुकसान झाल्यास त्याच दिवशीं तलाठी, ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, यांस लेखी कळवावें आणि ताडपत्री टाकण्यापूर्वीं फोटो घ्यावे. पंचनाम्यापर्यंत घर उघडें ठेवून धान्य भिजविण्याची गरज नाहीं. २०२२ ते २०२६ या मुदतीसाठीं केंद्र सरकारनें ठरविलेल्या दरांत सपाट प्रदेशांतील पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये, निदान पंधरा टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्यास ४,०००, झोंपडीस ८,००० आणि घरास लागून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये असे आंकडे आहेत. राज्य सरकार कधीं कधीं यावर वाढ देतें. 'निसर्गा'च्या वेळीं पूर्ण पडलेल्या घरास १,५०,००० रुपये दिले गेले. पंधरा टक्क्यांच्या आंतील नुकसानीस या दरांत कांहीं नाहीं, आणि बहुतेक छपरें पंधरा टक्क्यांच्या आंतच उघडतात.

कौलारू घराच्या धन्यानें जुन्या मापाचीं शंभर-दीडशें कौलें व पांच-सहा कोने जादा घेऊन ठेवावे. दोन कारखान्यांचीं कौलें एकमेकांत बसत नाहींत. तीं परड्यांत पालथीं न रचतां भिंतीस टेकून उभीं लावावीं, नाहींतर खालचा थर आपल्याच वजनानें फुटतो. पत्रेवाल्यांनीं बोल्ट व वायसर यांचा एक डबा तेल लावून माळ्यावर ठेवावा, आणि तो कोठें आहे तें घरांतील सर्वांस दाखवून ठेवावें.